माणूस नसला तरी सत्य असते काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी हा विषय सांगितला. त्यावर एका मित्राने थट्टेने म्हटले, "तुम्ही युनियनवाले. बोनसवर बोला, महागाईवर बोला. सत्य आहे की नाही, हा प्रोफेसर मंडळींचा प्रश्न!" थट्टा रास्त होती. माझे शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत झाले आणि पुढचे सारे कामगार वस्तीतल्या वाचनालयाच्या बाकावर. तत्त्वज्ञानाची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु गेली तीस वर्षे मी वाटाघाटीच्या टेबलाशी बसत आलो आहे, आणि त्या टेबलावर हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा येतो. व्यवस्थापन म्हणते, खात्यात धूळ नाही. आम्ही म्हणतो, आहे. मग एखादा समजूतदार गृहस्थ मध्ये पडतो आणि म्हणतो, "त्यांचे त्यांच्यापुरते खरे, तुमचे तुमच्यापुरते खरे." वाक्य ऐकायला गोड आहे. पण त्याचा अर्थ नीट पाहिला तर असा होतो की, खात्यात धूळ आहे की नाही हा प्रश्नच आता उरला नाही. उरली ती फक्त दोन मते. आणि नुसती मतेच उरली म्हणजे ज्याच्या हाती सत्ता त्याचे मत खरे ठरते, हा आम्हां लोकांचा अनुभव आहे.

म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. माणसाला कळो अगर न कळो, माणूस असो वा नसो, स्वतःच्या पायावर उभे असलेले सत्य असू शकते काय? की सत्य म्हणजे केवळ माणसाच्या मनाने केलेली मांडणी? आज आपण याचा शांतपणे विचार करू.

दोन थोर माणसांचा मतभेद

या प्रश्नावर गेल्या शतकात एक फार मोलाचा संवाद झाला. १४ जुलै १९३० रोजी रवींद्रनाथ ठाकूर हे अल्बर्ट आइन्स्टाइन यांना भेटायला गेले. बर्लिनजवळ कापूथ येथे आइन्स्टाइन यांचे उन्हाळ्यातले घर होते, तेथे ही भेट झाली. दोघेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी, दोघेही जगाने ओवाळलेले. एक कवी, एक शास्त्रज्ञ. हा संवाद पुढे रवींद्रनाथांच्या 'द रिलिजन ऑफ मॅन' या १९३१ साली निघालेल्या ग्रंथाच्या परिशिष्टात छापला गेला.

रवींद्रनाथांची भूमिका थोडक्यात अशी होती. आपण ज्याला जग म्हणतो ते माणसाला दिसलेले, माणसाला उमगलेले जग आहे. एकट्यादुकट्या माणसाचे मन चुकते, हे खरे. पण चुका दुरुस्त करीत करीत तो ज्या व्यापक मानवी मनाशी सुसंवाद साधतो, तेथे सत्य असते. माणसाच्या मनाशी ज्याचा कसलाच संबंध नाही, असे सत्य आपल्या दृष्टीने नसल्यासारखेच. त्यांनी एक सुंदर दाखला दिला. पुस्तकाची पाने कसर खाते. कसरीला कागद आहे, पण साहित्य नाही. तिच्या लेखी साहित्य अस्तित्वातच नाही. माणसाच्या लेखी मात्र कागदापेक्षा साहित्यच अधिक खरे.

आइन्स्टाइन यांनी सौंदर्याच्या बाबतीत रवींद्रनाथांचे म्हणणे मान्य केले. माणूसच नसेल तर मूर्तीला सुंदर कोण म्हणणार? पण सत्याच्या बाबतीत त्यांनी मान्यता दिली नाही. काटकोन त्रिकोणाविषयी पायथागोरसचा सिद्धांत जे सांगतो ते माणूस असो नसो खरे आहे, असे ते म्हणाले. घरात कोणी नसले तरी टेबल जागच्या जागी असते, असेही म्हणाले. मात्र हा प्रामाणिक मनुष्य पुढे हेही बोलला की, माझे म्हणणे मी सिद्ध करू शकत नाही. ही माझी श्रद्धा आहे.

दोघांचे एकमत झाले नाही. दोन मोठी माणसे मतभेद घेऊन परत फिरली, आणि तो मतभेद आपल्यासाठी ठेवून गेली. मी मोठा मनुष्य नाही. पण मला माझ्या घरातली एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती या वादात साक्षीला उभी करावी असे मला वाटते.

सोमवार आणि शुक्रवार

माझे वडील मुंबईच्या एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचा पेळू होतो ते हे खाते. पाळी सुटून घरी आले की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची तुसे चिकटलेली असत. आम्ही मुले ती काढीत असू. आठवड्याची सुट्टी रविवारी. सोमवारी संध्याकाळी वडील आले की भिंतीला टेकून बसत. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटते, असे म्हणत. मंगळवारी त्रास कमी, बुधवारी त्याहून कमी. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

दवाखान्यातील डॉक्टर म्हणाले, "बिडी सोडा." वडील बिडी ओढीत, हे खरे आहे, आणि बिडीने छातीचे नुकसान होते हेही खरे आहे. पण बिडी ते सातही दिवस ओढीत. मग छाती सोमवारीच का भरे? आमच्या आईने आपले निदान केले. ती म्हणाली, "यांना सोमवार बाधतो." आणि तिने सोमवारचा उपवास धरला. काही वर्षे अशी गेली. पुढे गिरणीने वडिलांच्या खात्याची सुट्टी बदलून गुरुवारी केली. श्रोतेहो, त्यानंतर माझ्या वडिलांची छाती शुक्रवारी भरू लागली.

आई बुद्धिमान होती. ती म्हणाली, "म्हणजे वार नव्हे, सुट्टीच बाधते माणसाला." हे निदानही चुकीचे होते, परंतु पहिल्यापेक्षा सत्याच्या पुष्कळ जवळ होते. हा रोग मला सापडला तो वडील गेल्यानंतर चार वर्षांनी, वाचनालयातल्या कामगारांच्या आजारांवरील एका जुन्या पुस्तकात. त्याला बिसिनोसिस म्हणतात. कापूस, अंबाडी, ताग यांसारख्या तंतूंची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने तो होतो. कापसाच्या धुळीबरोबर जीवाणूंचे विषारी अंश श्वासात जातात आणि त्यांनी श्वासनलिका आवळतात, असे आज मानतात. त्याची ओळखीची खूण कोणती? सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळणे. धुळीपासून दूर राहिल्यावर शरीर सैलावते, आणि पुन्हा धूळ लागली की पहिल्या दिवशी जोराने उलटते. रोग जुना झाला म्हणजे सातही दिवस सारखेच. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात ही खूण धरूनच रोगाच्या पायऱ्या ठरविल्या होत्या. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही पुढे या रोगाचे नाव आले. वडिलांना त्या नावाचा एक पैसा मिळाला नाही. त्यांच्या कागदावर 'दमा' एवढेच लिहिलेले होते.

आता आपल्या प्रश्नाकडे या. त्या शुक्रवारी आमच्या खोलीत सत्य काय होते? डॉक्टरांना ठाऊक नव्हते, आईला नव्हते, वडिलांना स्वतःला नव्हते. तरीही ती धूळ होती आणि ती आपले काम करीत होती. रवींद्रनाथांचा पक्ष घेऊन कोणी म्हणेल, "तुमच्या खोलीत ठाऊक नसेल, पण मँचेस्टरच्या डॉक्टरांना ठाऊक होते, म्हणजे व्यापक मानवी मनात ते सत्य होतेच." बरे, मग मागे जाऊ. बिसिनोसिस हे नाव फ्रान्सच्या प्रूस्त या डॉक्टरांनी १८७७ साली दिले. त्याआधी, १७०० साली, इटलीच्या रामात्झिनी या वैद्याने निरनिराळ्या धंद्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहून अंबाडी पिंजणाऱ्यांचा खोकला नोंदविला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता?' हाही प्रश्न विचारा, असे वैद्यांना बजावणारा तो हाच. त्याच्याही मागे जा. तंतू पिंजणाऱ्या ज्या पहिल्या माणसाचा श्वास कोंडला, त्याचे कारण त्या दिवशी साऱ्या पृथ्वीवर एकाही माणसाला ठाऊक नव्हते. व्यापक मानवी मनातही नव्हते. तरी तो श्वास कोंडलाच ना? ज्ञान नंतर आले. ज्याचे ज्ञान व्हायचे, ते आधीपासून होते.

माणसाने केलेले सत्य

येथे रवींद्रनाथांवर अन्याय होऊ नये म्हणून एक भेद केला पाहिजे. काही सत्ये खरोखरच माणसाने केलेली असतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री बारा वाजता पाचशे व हजार रुपयांच्या त्या वेळच्या नोटा चलनातून गेल्या. रात्री साडेअकराला जो कागद होता तोच साडेबाराला होता. शाई तीच, आकार तोच. बदलले ते आपले सर्वांचे मानणे. पैसा, कायदा, मालकी, सीमा, आठवड्याचे वार ही सारी सत्ये माणसांच्या मानण्यावर उभी आहेत. माणूस गेला की तीही गेली. कसरीला साहित्य नसते, त्याचप्रमाणे तिला पाचशेची नोटही नसते.

आमच्या घरच्या गोष्टीत ही दोन्ही सत्ये एकमेकांत गुंतलेली होती. सोमवार हे माणसाने केलेले सत्य. सुट्टी कोणत्या दिवशी असावी, हेही माणसाने ठरविलेले. पण सुट्टी गुरुवारी नेली तेव्हा छातीचे आवळणे तिच्या मागोमाग शुक्रवारी गेले, ते मात्र कोणी ठरविले नव्हते. त्यावर गिरणीच्या नोटीस बोर्डाचा हुकूम चालला नाही आणि आईच्या उपवासाचाही नाही. असा भेद करता येतो, एवढ्यावरूनच दिसते की जगात आपल्या मानण्यापलीकडले काही आहे.

एकच गणिती, दोन ग्रह

आता कोणी म्हणेल, हे एका घरातले झाले. शास्त्रात काय होते? शास्त्रातही शेवटी माणसाच्याच कल्पना नसतात काय? त्यासाठी एका फ्रेंच गणित्याची हकीकत सांगतो. त्याचे नाव ल व्हेरिए.

१७८१ साली युरेनस ग्रह सापडला. पुढे त्याची चाल न्यूटनच्या गणिताशी जुळेना. ल व्हेरिएने म्हटले, पलीकडे आणखी एक ग्रह असला पाहिजे, तो याला ओढीत असणार. आणि त्याने तो आकाशात कोठे असेल ते कागदावर काढले. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले याने दुर्बीण तिकडे लावली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत ग्रह सापडला. तोच नेपच्यून.

पुढे बुधाची चालही गणितापेक्षा किंचित पुढे जाते असे दिसले. आजच्या मोजणीप्रमाणे हा फरक शंभर वर्षांत ४३ विकलांचा आहे. त्याच ल व्हेरिएने १८५९ साली त्याच पद्धतीने सांगितले की, सूर्य आणि बुध यांच्या दरम्यान न दिसलेले काहीतरी असले पाहिजे. तेथे ग्रह पाहिल्याचेही एकाने कळविले. त्या ग्रहाला 'व्हल्कन' हे नाव ठेवले गेले. नावाजलेला गणिती, पूर्वी खरी ठरलेली पद्धत, विद्वानांचा विश्वास, सारे काही जय्यत होते. नव्हता तो फक्त ग्रह. पुष्कळांनी पुष्कळ वर्षे शोधला, पण निश्चितपणे कधीच सापडला नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती मांडली आणि बुधाचा हिशेब कोणत्याही ग्रहाशिवाय जुळला.

श्रोतेहो, विचार करा. माणूस तोच, बुद्धी तीच, पद्धत तीच, आत्मविश्वासही तोच. मग एकदा यश आणि एकदा अपयश का? जर सत्य म्हणजे केवळ मानवी मनाची सुसंगत मांडणी असेल, तर दोन्ही ग्रह सारखेच खरे असायला हवे होते. फरक मनात नव्हता. फरक बाहेर होता. एके ठिकाणी ग्रह होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता.

या हकीकतीला एक जोड आहे. १६१२ च्या डिसेंबरात आणि १६१३ च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे वेध घेताना जवळचा एक ठिपका तारा म्हणून आपल्या वहीत टिपून ठेवला. तो नेपच्यून होता, हे आता गणिताने मागे जाऊन कळते. म्हणजे सत्य त्याच्या वहीत आले, पण ज्ञानात आले नाही. त्याला २३३ वर्षे लागली. तेवढी वर्षे ग्रह आपला फिरतच होता.

प्रतिपक्षाचे बळ

आता प्रतिपक्षाची बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. युरेनस सापडला त्याच १७८१ साली जर्मनीत कांट या तत्त्ववेत्त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याचे म्हणणे असे की, वस्तू मुळात कशी आहे हे आपल्याला कधीच कळत नाही. आपल्या इंद्रियांच्या आणि बुद्धीच्या साच्यातून ती जशी उमटते तशीच कळते. मनाच्या बाहेर जाऊन, एका हातात कल्पना आणि दुसऱ्या हातात वस्तू घेऊन, दोहोंची तुलना कोण करणार?

हा आक्षेप खरा आहे. आपल्याला मनाबाहेर जाता येत नाही. परंतु मला असे वाटते की, आपण बाहेर गेलो नाही तरी बाहेरचे जग आत येते. ते आपला अंदाज चुकवून येते. व्हल्कन सापडला नाही, हे येणेच होते. शुक्रवारी छाती भरली, हेही येणेच होते. ज्याने आपल्या मनाला 'नाही' म्हटले, ते आपल्या मनाने केलेले असू शकत नाही.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या आतूनच आहे. अणूच्या आतल्या जगात, मोजणी करण्यापूर्वी कणाचे गुणधर्म ठरलेले असतात काय, यावर आइन्स्टाइन आणि नील्स बोर यांचा मोठा वाद झाला. पुढे १९६४ साली जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगाने तपासण्याची वाट दाखविली. असे प्रयोग ज्यांनी केले त्यांपैकी आस्पे, क्लाऊझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आइन्स्टाइन यांच्या मनात त्या सूक्ष्म जगाचे जे चित्र होते ते या प्रयोगांपुढे तसेच्या तसे टिकले नाही, हे मान्य केले पाहिजे. पण हा निकाल दिला कोणी? मतदानाने दिला नाही, थोरवी पाहून दिला नाही. आइन्स्टाइन यांची कल्पना चुकीची ठरली ती कोणाच्याही इच्छेपलीकडच्या प्रयोगाने. म्हणजे त्यांचे चित्र हरले, पण चित्र जेथे तपासायचे ती जागा बाहेर आहे, हे त्यांचे मूळ म्हणणे या हारण्यातूनच पुन्हा दिसले, असे मी समजतो.

आपल्याकडे वेदान्तात पारमार्थिक सत्याचा विचार झालेला आहे. त्या प्रांतात माझा अधिकार नाही. मी तुळईवरच्या धुळीपुरता आणि आकाशातल्या ग्रहापुरताच बोलतो आहे. मात्र एक जुना दृष्टान्त आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आंधळे हत्तीला चाचपतात. कोणी म्हणतो खांब, कोणी म्हणतो सूप, कोणी म्हणतो दोर. ही गोष्ट सांगून पुष्कळ लोक म्हणतात, पाहा, सत्य ज्याचे त्याला. पण गोष्टीचा अर्थ नेमका उलट आहे. मध्ये हत्ती उभा आहे म्हणूनच कोणाला खांब लागला आणि कोणाला सूप लागले. हत्तीच नसता तर सर्वांच्या हातांना वाराच लागला असता.

सत्य असणे आणि सत्य मुठीत असणे

येथपर्यंत ज्यांना माझे म्हणणे पटले असेल, त्यांना आता मी थोडे सावध करणार आहे. हत्तीच्या गोष्टीत आणखी एक पात्र असते, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. ते म्हणजे गोष्ट सांगणारा. त्याला सबंध हत्ती दिसतो! निरपेक्ष सत्य आहे असे म्हणणे वेगळे, आणि ते माझ्या मुठीत आहे असे म्हणणे वेगळे. पहिले म्हणणाऱ्याला नम्र व्हावे लागते. दुसरे म्हणणारा लवकरच तुरुंग बांधू लागतो.

हे मी दुसऱ्यांवर टीका म्हणून सांगत नाही. ज्या विचारांच्या छायेत मी वाढलो, तेथेच हे घडले. तरुणपणी आम्ही मोठ्या आवेशाने म्हणत असू की, प्रत्येक सत्य हे कोणत्या ना कोणत्या वर्गाचे असते; मालकाचे सत्य निराळे, कामगाराचे निराळे. सोव्हिएत रशियात हा विचार पिकांच्या शास्त्राला लावला गेला. लायसेंको नावाच्या कृषितज्ज्ञाने अनुवंशशास्त्र हे भांडवलदारी शास्त्र ठरविले. त्याला सत्तेचा आधार होता. निकोलाय वाविलोव्ह, ज्यांनी जगभर फिरून पिकांच्या बियाण्यांचा प्रचंड संग्रह केला होता, त्यांना १९४० साली अटक झाली आणि १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोच्या कृषी अकादमीच्या बैठकीत लायसेंकोचा विजय झाला आणि त्या देशात अनुवंशशास्त्राचे शिक्षण व संशोधन जवळजवळ बंद पडले. पण गव्हाच्या रोपाने अकादमीचा ठराव वाचलेला नव्हता. ते आपल्या बीजाच्या नियमाप्रमाणेच वाढत राहिले. १९६५ च्या सुमारास लायसेंकोची सद्दी संपली. वाविलोव्ह मात्र परत आले नाहीत.

हे वाचले त्या दिवसापासून 'वर्गाचे सत्य' हा शब्द मी सोडून दिला. वर्गाचे हित असते, वर्गाची दृष्टी असते, आणि एखाद्याला काही गोष्टी अधिक लवकर दिसतात हेही खरे. धूळ ज्याच्या छातीत जाते त्याला ती आधी कळते. पण धूळ असते ती सर्वांसाठी सारखीच असते.

आपले ज्ञान हे नेहमी हप्त्याहप्त्याने येते. न्यूटनने एक हप्ता दिला, आइन्स्टाइनने पुढचा दिला. माझ्या आईने एक दिला, शिलिंगसारख्या डॉक्टरांनी पुढचा. थकबाकी कधीच पुरी फिटत नाही, आणि ती फिटावी असा माझा आग्रहही नाही. पण थकबाकी आहे असे म्हणतानाच आपण कबूल करतो की, मूळ रक्कम कोठेतरी आहे.

हा आपला सह्याद्री पाहा. त्याचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या रसाने थरावर थर चढून झाला. आपल्यासारखा मनुष्य पृथ्वीवर येऊन तीन लाख वर्षांच्या आसपास झाली. तो रस वाहत होता तेव्हा पाहायला कोणी नव्हते, नाव द्यायला भाषा नव्हती, व्यापक मानवी मन तर नव्हतेच. आज घाटातला कडा पाहून आपण ते थर मोजू शकतो. ते न पाहता घडले, म्हणूनच आज पाहता येते.

मोजण्याचा आग्रह

शेवटी पुन्हा वाटाघाटीच्या टेबलाशी येतो. काही वर्षांपूर्वी एका ओतकामाच्या कारखान्यात वाळूच्या धुळीचा तंटा होता. आम्ही तीन खात्यांबद्दल तक्रार केली होती. व्यवस्थापन म्हणे, कोठेच काही नाही. पुष्कळ वाद झाल्यावर मी म्हटले, "माझे राहू द्या, तुमचेही राहू द्या. यंत्र आणून हवा मोजू." त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण अखेर मोजणी झाली. दोन खात्यांत धूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर निघाली. तिसऱ्या खात्यात ती मर्यादेच्या आत निघाली. आणि नेमक्या त्याच खात्यातल्या मंडळींनी सर्वांत जास्त घोषणा दिल्या होत्या.

गेटसभेत मला दोन्ही आकडे सांगावे लागले. तिसऱ्या खात्यातली पोरे चिडली. एक जण ओरडला, "साहेब, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" मी म्हटले, "बाबा, ज्या यंत्राने दोन खात्यांत मालकाला खोटे पाडले, त्याच यंत्राने तिसऱ्या खात्यात आपल्याला खोटे पाडले आहे. पहिला निकाल हवा असेल तर दुसराही घ्यावा लागेल." त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. पुढच्या युनियनच्या निवडणुकीत त्या खात्याची मते मला कमी पडली. पण दोन खात्यांत धूळ ओढून घेणारे पंखे बसले, ते त्या आकड्यांच्या जोरावर बसले; घोषणांच्या नव्हे.

रवींद्रनाथ आणि आइन्स्टाइन यांच्या वादाचा निकाल मी लावला, असे मी म्हणणार नाही. आइन्स्टाइन यांनी जिला श्रद्धा म्हटले, ती माझीही श्रद्धाच आहे. परंतु ती वाऱ्यावरची श्रद्धा नाही. दुबळ्या माणसाजवळ वकील नसतो, पैसा नसतो, वर्तमानपत्र नसते. त्याच्याजवळ एकच आधार असतो: त्याच्यावर जे घडले ते घडले आहे, मग कोणाला ते कळो वा न कळो. तो आधारही 'ज्याचे त्याचे सत्य' म्हणून आपण काढून घेतला, तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. माझ्या वडिलांच्या शुक्रवारचा खरा अर्थ त्यांच्या हयातीत कोणाला कळला नाही. पण तो होता. म्हणून तर उशिरा का होईना, मला वाचनालयात तो सापडू शकला. आणि आज ज्यांचे शुक्रवार अजून कोणाला कळलेले नाहीत, त्यांच्यासाठी शोध चालू ठेवायचा तो याच भरवशावर.